शेवटी सगळं पाडायचं

१ मार्च

थोरले,

हे पत्र फाडायच्या आधी एवढं वाच, की मी काही मागायला लिहीत नाही. गुडघ्याचं आणि डोळ्यांचं रडगाणंही गाणार नाही. मागची चार पत्रं परत आली नाहीत. पोस्टमनला विचारलं तर म्हणाला, "परत आलं नाही म्हणजे तिकडे घेतलं, आजोबा. वाचलं का, ते मला विचारू नका." घेतेस, एवढ्या आधारावर मी पुढचं पान लिहितो.

लिहायचं आहे ते धाकट्याबद्दल. तुझं माझं जे आहे ते आहे, त्यात तुझ्या भावाचा काही दोष नाही.

त्याची परीक्षा आहे, अठ्ठावीस तारखेला. छत्तिसाव्या वर्षी माणूस पेन्सिल कानाला लावून बसला आहे. कंपनीने सांगितलं आहे की त्याच्या खात्यातल्या आठ जणांपैकी ज्यांच्याकडे ही वरची परीक्षा पास झाल्याचा दाखला असेल, तेच एप्रिलपासून राहतील. बाकीच्यांना नारळ. आठांत हा वयाने सगळ्यात मोठा. बाकीची पोरं हे शिकूनच जन्माला आल्यासारखी.

परीक्षेचं नाव डेव्हऑप्स. मी चार वेळा विचारलं तेव्हा पाचव्यांदा त्याने नीट सांगितलं. "बाबा, एक जण प्रोग्राम लिहितो, दुसरा तो चालवतो. दोघांचं पटत नाही. मधे मी उभा असतो. इकडचा माल न सांडता तिकडे न्यायचा, आणि चालतं काम बंद पडू द्यायचं नाही."

"म्हणजे गिरणीत वाफ सोडणारा माझ्यासारखा व्हॉल्व्हमनच की रे तू."

"हो. फक्त खुर्चीवर बसून."

"आणि पाइप?"

"पाइपलाइनच म्हणतात त्याला. पण पाइप नसतो."

सूनबाई आतून म्हणाली, "बापाची वाफ, पोराची हवा. या घरात हाताला लागेल असं काही कुणी करतच नाही." ती केस कापायच्या दुकानात काम करते. जीभही तशीच चालते, पण मनाने चांगली आहे.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. मागच्या खेपेला त्याची नोकरी गेली तेव्हा अकरा महिने तो गॅलरीत बसून असायचा. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. चहा तिथे, ताट तिथे, दाढी वाढलेली, नजर खाली. एक दिवस सूनबाईने गॅलरीच्या दाराची कडी दोरीने आवळून बांधली आणि मला म्हणाली, "मी दुकानात असताना हे दार तुमच्याकडे, बाबा." का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. नवी नोकरी लागली त्या दिवशी तिने दोरी सोडली. ती अजून स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आहे. मला पाणी प्यायला उठलं की दिसते.

एवढंच. नातीला आशीर्वाद. आता ती अकरा वर्षांची असेल.

तुझे बाबा


९ मार्च

थोरले,

उत्तराची वाट पाहत नाही. सवय झाली आहे.

अभ्यास चालू आहे. पहाटे पाचला उठतो, साडेआठपर्यंत बसतो, मग त्याच टेबलावर कंपनीचं काम, आणि सहानंतर परत अभ्यास. घरातच ऑफिस, घरातच शाळा. सूनबाईने त्याला प्रश्नांच्या चिठ्ठ्या करून दिल्या आहेत, माझ्यासाठी मराठी अक्षरात. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मी मास्तर आणि तो विद्यार्थी.

"रोलबॅक, म्हणजे केलेलं मागे फिरवणं, कधी करावं?" मी विचारतो.

तो डोळे मिटून घडाघडा सांगतो. मी चिठ्ठी उलटून बघतो. मागे लिहिलेलं असतं त्यातला शब्द न् शब्द बरोबर येतो. पण मला ते आवडत नाही. आमच्या कागदाच्या गिरणीत एक उमेदवार होता, त्याला व्हॉल्व्हचे सगळे नंबर पाठ होते. पाठ असल्यामुळे तो कधी व्हॉल्व्हकडे बघायचाच नाही.

धाकट्याला म्हटलं, "उत्तर द्यायच्या आधी जरा थांबत जा."

"थांबायला वेळ नसतो, बाबा. दोन तासांत सतरा कामं. हातच बसायला हवा."

ती सतरा कामं करून दाखवायची असतात. लेखी परीक्षा नाही. लांब कुठेतरी परीक्षेची मशीनं असतात. आपल्या मशीनच्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा आणि तिकडे इमारतीसारखं काहीतरी उभं करायचं. ते चालवायचं, बिघडवायचं, दुरुस्त करायचं. आणि सतरावं काम नेहमी एकच. शेवटी सगळं पाडायचं. काही उरलं तर गुण कापतात. पाडताना मशीन विचारतं, खरंच पाडू का? तेव्हा हो म्हणायचं. हा ते इतक्या वेळा करतो की मशीनचा प्रश्न पुरता उमटायच्या आत याचं हो लिहून झालेलं असतं. मी मागे उभा राहून बघितलं आहे.

त्याच्याकडे दोन मशीनं आहेत. एक कंपनीचं. दुसरं त्याचं स्वतःचं, कंपनीनेच जुनी काढली तेव्हा घेतलेलं, म्हणून दिसायला जुळी भावंडं. हात बसावा म्हणून त्याने दोन्हींचा पडदासुद्धा सारखा करून ठेवला आहे. फरक एवढाच की त्याच्या मशीनचा खालचा एक रबरी पाय गळाला आहे. टाइप करायला लागला की ते टेबलावर डुगडुगतं, टकटक आवाज येतो. मी खाली कागदाची घडी घालून देतो, ती सरकते, परत टकटक सुरू. सूनबाई म्हणते, "घरात सुतारपक्षी पाळलाय." मला मात्र तो आवाज चालू असला की बरं वाटतं. पोरगा अभ्यास करतोय एवढं कळतं.

कंपनीचं मशीन डुगडुगत नाही. त्यावर चौदा दवाखान्यांचं काम चालतं. कुठल्या खाटेवर कोण, त्याला कुठलं औषध, किती वाजता. मी विचारलं, हे सगळं त्या मशीनमध्ये आहे? तो हसला. "मशीनमध्ये नाही हो बाबा. मशीनमधून तिथे हात पोचतो. ज्या हुकमात पत्ता लिहिला नाही, जसा तो पाडायचा, तो या मशीनवरून थेट तिकडे जातो."

हात पोचतो, हे मला नीट कळलं. व्हॉल्व्ह इथे असतो आणि वाफ तिकडे जाते.

तुझे बाबा


१६ मार्च

थोरले,

काल थोडक्यात निभावलं. तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, आणि दुसरं सांगायला कुणी नाही.

संध्याकाळी कंपनीचं काम संपवून तो अभ्यासाला बसला. दोन्ही मशीनं शेजारी शेजारी उघडी. मी चिठ्ठ्या घेऊन समोर. त्याने सतरा कामांची उजळणी केली आणि शेवटचा हुकूम टाइप केला. पडद्यावर नावं उमटायला लागली. एकदम त्याने दोन्ही हात वर उचलले, चटका बसल्यासारखे.

"काय झालं?"

त्याने पडद्याकडे बोट केलं. हुकूम कंपनीच्या मशीनवर गेला होता. पडद्यावर पहिलं नाव एका दवाखान्याचं होतं. मशीन विचारत होतं, खरंच पाडू का?

त्याने नाही लिहिलं. मग मशीनचं झाकण लावलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तोंड धुणं फार वेळ चाललं होतं.

"बॅकअप असतो," जेवताना तो म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "गेलं तरी परत उभं करता येतं."

"किती वेळात?"

"लागतील काही तास."

"आणि त्या तासांत नर्सने काय बघायचं?"

"बाबा, जेवू द्या ना."

सूनबाईने माझ्या पायाला टेबलाखालून पाय लावला. मी पानात बघून जेवलो. पण सकाळी त्याला म्हटलं, कंपनीच्या मशीनवर लाल पट्टी लाव. झाकणावर एक आणि आत, जिथे हात ठेवतोस तिथे एक. बोटाला लागली पाहिजे. डोळा चुकतो, बोट चुकत नाही. तो लगेच हो म्हणाला. मीच वायरीला लावायची लाल चिकटपट्टी आणून लावली, कातरीने कडा कापून, सरळ. चांगली दिसते. मला वाटलं, या वयात एक तरी काम उपयोगाचं केलं.

तू म्हणशील, पाट्या लावायच्या गोष्टी तुम्ही सांगू नका.

जावईबापूंना जाऊन पुढच्या महिन्यात नऊ वर्षं होतील. दोन नंबरच्या टाकीत उतरून ते लगद्याचं पातं दुरुस्त करत होते. वाफेच्या व्हॉल्व्हला लाल पाटी होती, आत माणूस आहे अशी. पाटी जागेवर नव्हती आणि पाळी बदलल्यावर पुढच्या पाळीच्या व्हॉल्व्हमनने, आपल्या लांब्याने, व्हॉल्व्ह उघडला. पाटीची दोरी कुजली असेल, तुटून पडली असेल. तेलात, वाफेत दोरी किती टिकणार? हे मी तेव्हा चौकशीत लिहून दिलं आहे. नवीन काही सांगायचं नाही.

लाल रंग बघून आठवलं म्हणून लिहिलं.

तुझे बाबा


२३ मार्च

थोरले,

पाच दिवस उरले. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी सूनबाई दचकते. परवा मी सहज म्हटलं, नाहीच झाला पास तर दुसरं काही बघू. त्याने माझ्याकडे इतक्या शांतपणे बघितलं की मला ते शब्द परत गिळावेसे वाटले. "दुसरं काही नाहीये, बाबा," म्हणाला. मग गॅलरीत गेला. मी मागोमाग कपडे वाळत घालायला गेलो. कपडे कोरडेच होते.

परीक्षेचे नियम आले आहेत. घरीच बसून द्यायची, पण कॅमेऱ्यातून एक बाई दोन तास बघत असणार. खोलीत दुसरं माणूस दिसलं किंवा दुसरा आवाज आला की परीक्षा तिथेच रद्द. भिंतीवर, टेबलावर, मशीनवर काही चिकटवलेलं, लिहिलेलं चालत नाही. कागदाचा कपटा नको. खोलीत एकच मशीन. धाकटा म्हणाला, "खोली रिकामी करायचं काम तुमच्याकडे, बाबा. माझं डोकं ठिकाणावर नाही. तुमच्यासारखं स्वच्छ कुणी करत नाही." मला बरं वाटलं. खरं आहे ते. गिरणीत माझ्या हाताखालचं पितळ आरशासारखं असायचं, साहेबलोक नाव काढायचे.

लांब्या दिसला. मोठ्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकांनी सोडलेल्या ढकलगाड्या गोळा करतो. गिरणीतून काढल्यावर त्याला कुणी व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही. एवढा उंच माणूस आता वाकून चालतो. मी रस्ता ओलांडायला निघालो होतो, तेवढ्यात त्यानेच हाक मारली. "काका! गुडघा कसा आहे?"

बरा आहे म्हटलं.

"थोरलीचं काही कळतं का?"

कळतं म्हटलं. खोटं बोललो.

चौकशीत ठरलं की त्याने बघायला हवं होतं. ठरवणारा मी नव्हतो. झोप लागत नाही हल्ली, म्हातारपण.

तुझे बाबा


२८ मार्च, सकाळी अकरा

थोरले,

बसला आहे आत. दहाला सुरू झाली. सूनबाई दुकानात गेली, मुद्दामच. "मी घरात असले तर माझा श्वाससुद्धा त्या बाईला ऐकू जाईल," म्हणाली. मी स्वयंपाकघरात बसून तुला लिहितो आहे, म्हणजे हात कामात राहतो. नळ टपकू नये म्हणून खाली फडकं घातलं आहे.

सकाळी सहापासून खोली आवरली. चिठ्ठ्या काढल्या, कॅलेंडर काढलं, भिंतीवरचे चिकटपट्टीचे डागसुद्धा खरवडले. दोन्ही मशीनं इथे स्वयंपाकघराच्या टेबलावर आणली. मशीनवर काही चिकटवलेलं चालत नाही, म्हणून कंपनीच्या मशीनच्या लाल पट्ट्या काढल्या आणि स्पिरिटने चिकटा पुसला. धाकट्याच्या मशीनखालची कागदाची घडी फेकली. दोन्ही लख्ख पुसली. त्याचं डावीकडे ठेवलं होतं, कंपनीचं उजवीकडे. मधेच दारावर गॅसवाला आला. त्याला सिलिंडर इथेच ठेवायचा होता म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाट करून दिली. मग डावीकडचं उचलून खोलीत नेऊन ठेवलं, उजवीकडचं कपाटात. सगळं आठवतंय मला.

दारावर त्याने कागद लावला आहे, बाहेरच्या बाजूने. "कुणीही आत येऊ नये. काहीही झालं तरी."

जाताना माझ्या पाया पडला. कधी पडत नाही.

आतून बोटांचा आवाज येतोय, भराभर. चांगला हात बसला आहे. टकटक नाही, काही नाही, अगदी शांत. त्या बाईला त्रास नको म्हणून मशीनखाली त्याने काहीतरी घातलं असेल. पण कपटासुद्धा नको असं होतं ना. मग काय घातलं असेल?

पावणेबारा होत आले. आता तो शेवटच्या कामांवर असेल.

मगाशी डावीकडचं उचललं तेव्हा मी गॅसवाल्याच्या बाजूला उभा होतो. म्हणजे टेबलाच्या पलीकडे.

कपाटातलं काढून बघतो. उगाच मनाला लागून राहायला नको. टेबलावर ठेवलं.

डुगडुगतंय


३० मार्च

थोरले,

वरचं अर्धं पत्र फाडलं नाही, तसंच जोडतो आहे.

मी आत गेलो. दार ढकललं आणि ओरडलो, "हात उचल!" मशीनमधून त्या बाईचा आवाज आला, काहीतरी नियमाचं, अगदी सभ्य. परीक्षा तिथेच संपली. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. त्याने आधीच हो लिहिलं होतं. पडद्यावर नावं एकेक करून जात होती. मग त्याने पडद्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं, आणि दोन बोटांनी कुठलंसं बटण दाबून ते थांबवलं.

तीन दवाखाने गेले होते. अकरा राहिले.

परत उभं करायला पाच तास लागले. तो फोनवर कंपनीच्या माणसांशी बोलत, त्याच खुर्चीत बसून करत होता. आवाज चढला नाही. सगळं उभं राहिल्यावर तो माझ्याकडे वळला.

"मशीन डुगडुगलं नाही तेव्हा मला वाटलं, तुम्ही पाय बसवून दिलात," म्हणाला. "बरं वाटलं होतं मला." मग म्हणाला, "पट्टी कुणी काढली, बाबा?"

थोरले, हाच प्रश्न तू मला विचारला होतास. दवाखान्याच्या बाकावर, जावईबापूंचे कपडे पिशवीत घेऊन. पाटी कुणी काढली, बाबा? मी म्हणालो होतो, दोरी तुटली.

धाकट्याला म्हणालो, "मी काढली."

आता तुला सांगतो. पाटी मी काढली. साहेबलोक तपासणीला येणार होते. सुपरवायझर म्हणाला, ती लोंबणारी लक्तरं जरा स्वच्छ दिसू देत. सात व्हॉल्व्हना सात पाट्या होत्या. त्यातल्या सहा जुन्या, काम संपल्यावर कुणी काढायच्या विसरलेल्या. रोज बघून बघून मला सातही तशाच वाटायला लागल्या होत्या. सगळ्या सोडून आणल्या आणि नळावर रॉकेलने घासत बसलो. पुसून परत लावणार होतो. तेवढ्यात बोलावणं आलं, साहेबांसमोर रांगेत उभं राहायचं. पाट्या पिशवीत टाकून गेलो.

लांब्याने व्हॉल्व्ह फिरवला तेव्हा तो कुईकुई वाजला. दोन नंबरचा व्हॉल्व्ह तसाच वाजतो, दुसरा कुठलाही नाही. मी ओळखला. साहेब माझ्यासमोर हात पुढे करून उभे होते. मी आधी हात मिळवला. मग ते दोन शब्द बोलले, ते ऐकून घेतले. मग धावलो.

तुला माझ्या पिशवीत ती दोन नंबरची पाटी सापडली. दोरी तुटलेली नव्हती, गाठ सोडलेली होती. तू काहीच बोलली नाहीस. पाटी घेतलीस, पोरीला उचललंस आणि गेलीस. तू का गेलीस ते मला कळत नाही, असं मी नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलो.

अजून एक आहे. सूनबाईला मी सांगितलं की मशीन डुगडुगलं आणि मी धावलोच. ते खरं नाही. मी दारापर्यंत धावलो. दाराची मूठ हातात धरून तिथे उभा राहिलो. तो कागद वाचला. काहीही झालं तरी, असं लिहिलं होतं. वाटलं, माझीच समजूत चुकली असेल आणि मी आत गेलो तर पोराची नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर गॅलरी. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. चार मिनिटं उभा होतो. धाकटा म्हणतो, एक दवाखाना पडायला मिनिटभर लागतं. त्याने मला सहज सांगितलं. हिशोब मी केला.

दोन दवाखान्यांनी कळवलं आहे की सगळे ठीक. तिसऱ्याकडून अजून काही आलेलं नाही. धाकट्याला कुणी सांगत नाही, आणि तो विचारत नाही. फोन वाजला की तो फोनकडे बघतो आणि वाजून थांबेपर्यंत बघतच राहतो.

उद्या त्याची चौकशी आहे. मला म्हणाला, "तुम्ही काही बोलू नका. मशीन बघून घ्यायचं काम माझं होतं." लांब्यानेही अगदी हेच म्हटलं होतं, चौकशीच्या दिवशी. मी तेव्हा मान हलवली होती. या वेळी मी लिहून ठेवलं आहे, सहीसकट. सूनबाई ते उद्या त्याच्याबरोबर जाऊन त्यांच्या हातात देईल. दुसरा कागद गिरणीच्या ऑफिसात देऊन आलो, आज सकाळी, सूनबाई घरी होती तेव्हा. तिथला कारकून म्हणाला, "एवढ्या वर्षांनी? हे कुठे लावायचं हो मी?" लाव कुठेही, म्हटलं.

येताना लांब्याला गाठलं. ढकलगाड्यांची लांब रांग ढकलत होता. सगळं सांगितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गाड्यांच्या दांड्याला धरून उभा राहिला.

"मला स्वप्नात रोज पाटी दिसायची, काका," म्हणाला. "त्यामुळे मला वाटायचं, ती होती. मीच बघितली नाही." मग म्हणाला, "बाजूला व्हा. गिऱ्हाईक येतंय." आणि गाड्या ढकलत गेला.

माझ्यासाठी काही मागत नाही म्हणून एक तारखेच्या पत्रात लिहिलं होतं. अजूनही नाही. पण धाकट्याला फोन कर. तू एकटी अशी आहेस की जिच्या घरात हे एकदा घडून गेलं आणि तरी जिने रोज सकाळी उठून पोरीला वाढवलं. कसं केलंस ते त्याला सांग. माझ्याशी बोलावं लागणार नाही. फोन मी उचलीन, एक शब्द बोलणार नाही, त्याच्या कानाला लावीन.

आता दुपारचे तीन. सूनबाई दुकानातून सातला येईल. उद्याची रजा मिळाली, आजची नाही. तो आतल्या खोलीत पडून आहे, भिंतीकडे तोंड करून, पण झोपलेला नाही. झोपलेल्याचा श्वास मला कळतो. मगाशी उठून इथे आला, गॅलरीच्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाबा, जरा खाली जाऊन दूध आणता का?"

दूध आहे, म्हटलं. दोन पिशव्या आहेत.

खिळ्याची दोरी काढून गॅलरीच्या दाराची कडी बांधली आहे. गाठ दोनदा मारली. दाराला पाठ लावून खुर्ची टाकली आहे आणि मांडीवर पाट घेऊन हे लिहितो आहे. पत्र टाकायला सूनबाईच जाईल. तोपर्यंत, कुणीही हाक मारली तरी, मी इथून उठणार नाही.

तुझे बाबा